खोकला कधीपासून आहे?

पत्र थोडक्यात असं: सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. यजमान ५४ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला. छातीतली कळ पित्ताची समजून रात्र काढली, सकाळी शहरात नेलं, एक स्टेंट बसला. मागच्या महिन्यातल्या एकोमध्ये हृदयाचं पंपिंग ३५ टक्के आलं आणि भिंतीच्या एका भागावर ‘स्कार’ म्हणजे व्रण झाल्याचं लिहून आलं. सध्या सात औषधं चालू आहेत: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोर्वास्टॅटिन, मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन. नणंदेच्या यजमानांनी ओळखीच्या वैद्यांकडे नेलं, त्यांनी अर्जुनसालीचा क्षीरपाक, म्हणजे दुधात आटवलेला काढा, सांगितला. त्याच्या जोडीला घरच्यांनी आपल्या मनाने गुग्गुळाच्या गोळ्या, लसूण-आलं-लिंबाचा ‘ब्लॉकेज उघडणारा’ रस, रोज एक नारळपाणी आणि कोरडा खोकला सुरू झाल्यापासून दोन वेळा मधातून ज्येष्ठमध सुरू केलं. हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा ‘ते सगळं बंद करा’ एवढंच उत्तर मिळालं. तेव्हापासून त्यांना काही सांगत नाहीत. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा म्हणतो, चीनमध्ये वनस्पतींच्या औषधाने हृदयाचे रुग्ण सुधारल्याचं सिद्ध झालंय. यजमानांना गोळ्यांचा कंटाळा आलाय. व्रण विरघळला की त्या सुटतील, अशी आशा आहे. तंबाखू ‘बरीच कमी’ केलीय. ताई विचारतात: दोन्ही औषधं एकत्र दिली तर व्रण जाईल का? आणि डॉक्टरांना न सांगता चालू ठेवलं तर चालेल का?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. औषधाच्या दुकानात काउंटरमागे २६ वर्षं उभी होते. त्या काउंटरवर लोक चिठ्ठी ठेवतात आणि मग हळूच विचारतात, ‘याच्याबरोबर हे चालतं ना?’ हे म्हणजे पिशवीतलं दुसरं काहीतरी, जे डॉक्टरांना दाखवलेलं नसतं. त्या सवयीनेच तुमचं पत्र वाचताना मी व्रणापाशी नाही, खोकल्यापाशी थांबले.

खोकला कधीपासून आहे? अटॅकच्या आधी होता का? नसेल, आणि गोळ्या सुरू झाल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत घशात खवखवून कोरडी ढास लागायला लागली असेल, तर पहिला संशय रॅमिप्रिलवर जातो. या जातीच्या गोळ्यांनी शंभरातल्या पाच ते वीस जणांना असा खोकला होतो. कफ पडत नाही, खोकल्याच्या औषधाने थांबत नाही, रात्री जास्त छळतो. गोळी बदलली की बहुतेकांचा एक ते चार आठवड्यांत जातो. तिच्याऐवजी देता येतील अशा, खोकला क्वचितच आणणाऱ्या दुसऱ्या गोळ्या आहेत. टेल्मिसार्टन, व्हॅल्सार्टन ही नावं तुम्ही ऐकली असतील. बदल डॉक्टरांनीच करायचा, कारण काही औषधांकडे जाताना मध्ये ठरावीक तास मोकळे सोडावे लागतात. आपण पट्टीतून गोळी गाळायची नाही.

मात्र खोकला आडवं पडल्यावर वाढत असेल, उशा वाढवाव्या लागत असतील, धाप लागत असेल, फेसकट थुंकी येत असेल किंवा पायांवर सूज असेल, तर ते रॅमिप्रिल नव्हे. फुप्फुसात पाणी साठत असू शकतं. तसं असेल तर हे वाचणं थांबवा आणि दवाखाना गाठा.

आता ज्येष्ठमध. घसा बसल्यावर एखादी कांडी चघळली तर मी काही बोलणार नाही, नाटकवाले आणि गाणारे पिढ्यान् पिढ्या चघळत आलेत. पण दोन वेळा चमचाभर चूर्ण, आठवडेच्या आठवडे, हे प्रकरण वेगळं. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढल्यासारखं होतं: मीठ आणि पाणी अंगात धरून ठेवलं जातं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, रक्तदाब चढतो. आणि तुमच्या यादीतली स्पायरोनोलॅक्टोन काय करते? अल्डोस्टेरॉनला अडवते. हृदयात नको तिथे व्रणाचे तंतू वाढू नयेत म्हणून दिलेल्या औषधांपैकी ती एक. म्हणजे व्रण कमी व्हावा म्हणून तुमच्या घरात एवढा खटाटोप चाललाय आणि त्याच घरात एक जण दार लावतोय, दुसरा त्याच दाराला बाहेरून धक्के देतोय. तेही कशासाठी, तर बहुधा तिसऱ्याच गोळीने, रॅमिप्रिलने, आलेल्या खोकल्यासाठी! यात तुमची चूक नाही. ज्येष्ठमध देताना कुणी विचारलं नाही की खोकला कशाचा, आणि गोळ्या देताना कुणी सांगितलं नाही की असा खोकला येऊ शकतो. तुमच्या प्रश्नातल्या ‘एकत्र’ या शब्दात हे सगळं लपलेलं आहे, म्हणून आधी सांगितलं.

व्रणाकडे येते. तुमच्या पत्रात व्रण शत्रूसारखा येतो, तो विरघळवायचा. मला वाटतं गाडी इथेच चुकीच्या रुळावर गेलीय. अटॅकमध्ये स्नायूचा जो भाग मेला, तो परत तयार होत नाही. मोठ्या माणसाच्या हृदयात नव्या स्नायूपेशी वर्षाला जेमतेम टक्काभर किंवा त्याहूनही कमी बनतात. मेलेल्या जागी शरीर सहा ते आठ आठवड्यांत कोलॅजेन या चिवट प्रथिनाचं ठिगळ लावतं. गोधडीला लावतो तसंच. ठिगळ ताणलं जात नाही, आकुंचन पावत नाही, पण भोक बुजवतं. ते लागलंच नसतं तर हृदयाची भिंत फुटली असती, आणि अटॅकनंतरच्या पहिल्या काही दिवसांत क्वचित तसं होतंही. तेव्हा हे ठिगळ उसवणारं औषध खरंच कुठे मिळालं, तरी यजमानांना देण्याआधी मी शंभरदा विचार करीन.

मग काळजी कसली करायची? ठिगळाच्या भोवतालच्या चांगल्या कापडाची. उरलेल्या स्नायूवर ताण वाढतो, अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही रसायनं चढलेली राहतात आणि धडधाकट पेशींच्या मधल्या जागेतही हळूहळू तंतू साचायला लागतात. हृदय कडक होतं, पसरतं, फुगतं. हा दुसरा व्रण मात्र थोपवता येतो, काही अंशी मागेही फिरवता येतो. ते काम तुमच्या डब्यातल्या गोळ्या करतायत. १९९९ सालच्या मोठ्या अभ्यासात तीव्र हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडणाऱ्या, रुग्णांना इतर औषधांच्या जोडीला २५ मिलिग्रॅमपासून स्पायरोनोलॅक्टोन दिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी घटलं. रॅमिप्रिलच्या जातीतल्या कॅप्टोप्रिलने अटॅकनंतर पंपिंग ४० टक्के किंवा त्याखाली असलेल्यांमध्ये मृत्यू १९ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९२ मध्येच दिसलं होतं. यजमान म्हणतात व्रण गेला की गोळ्या सुटतील. उलट आहे हो. व्रण पसरू नये म्हणून गोळ्या आहेत.

अर्जुन. हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. ओढ्याकाठी पांढुरक्या सालीचा अर्जुनसादडा कुणी पाहिला नाही! हृदयासाठी त्याचा वापर आयुर्वेदात शतकानुशतकं सांगितलाय. प्रयोगशाळेत उंदरांच्या हृदयात मुद्दाम निर्माण केलेला तंतूंचा थर अर्जुनाच्या अर्काने कमी झाल्याचंही दिसलंय. पण माणसांत काय? १९९५ मध्ये अवघ्या १२ रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला, इतर औषधांना दाद न देणाऱ्या हार्ट फेल्युअरमध्ये अर्जुनाने सुधारणा दिसल्याचा. खूप गाजला. पुढे २०१६ साली १०० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला: चालू औषधांच्या जोडीला अर्जुनसालीचा पाण्यातला अर्क ७५० मिलिग्रॅम दोन वेळा, १२ आठवडे, आणि निम्म्यांना दिसायला तसंच, पण औषध नसलेलं नकली. पंपिंगच्या टक्क्यांत फरक पडला नाही. हालचालीची ताकद वगैरे काही बाबतींत थोडा फायदा नोंदवला गेला. म्हणून माझं मत असं: वैद्यांनी दिलेला क्षीरपाक म्हणजे विष नव्हे आणि व्रणावरचा इलाजही नव्हे. यजमानांना त्याने बरं वाटत असेल तर डॉक्टरांच्या माहितीत तो चालू राहू शकतो. फक्त मोजमाप सोडू नका. साल एक भाग, दूध आठ, पाणी बत्तीस आणि दूध उरेपर्यंत आटवायचं, ही रीत वैद्यांनी सांगितली असेलच. दिवसभरात पाणी किती प्यायचं याची मर्यादा डॉक्टरांनी घालून दिली असेल, तर ही वाटीभरही त्यात मोजा. आणि क्षीरपाकाऐवजी कुणी अर्जुनारिष्ट सुचवलं तर लक्षात ठेवा, अरिष्ट हे गूळ घालून आंबवलेलं असतं. मधुमेह असेल तर तो गूळ आणि आंबवण्यातून आलेलं अल्कोहोल दोन्ही हिशेबात धरावं लागतं.

बरं वाटण्यावरून आठवलं. माझ्या थोरल्या दिरांचं पंपिंग अटॅकनंतर ३४ होतं, चार महिन्यांनी ४६ झालं. मधल्या काळात ते एक काढा घेत होते. झालं, सगळ्या गल्लीला तो काढा माहीत झाला. अटॅकच्या धक्क्याने काही स्नायू मरत नाही, नुसता गोठल्यासारखा होतो आणि काही आठवड्यांत आपोआप कामाला लागतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय गोळ्याही चालू होत्याच. श्रेय काढ्याला गेलं, गोळ्या त्यांनी ‘आता कशाला’ म्हणून सोडल्या आणि दिवाळीत आम्ही अतिदक्षता विभागाबाहेर बाकड्यावर बसलो होतो. एकोच्या आकड्यात तपासणाऱ्यागणिक चार-पाच टक्क्यांचा फरक पडू शकतो, हेही मला तिथेच कळलं.

तुमच्या मुलाचं म्हणणं खोटं नाही. चीनमध्ये ३,११० रुग्णांवर ‘चिलीछियांगशिन’ नावाच्या, अकरा वनस्पतीजन्य घटकांच्या कॅप्सूलचा अभ्यास झाला आणि २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. साधारण दीड वर्षात हृदयामुळे मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती, यांचं एकत्रित प्रमाण कॅप्सूल घेणाऱ्यांत २५ टक्के आणि न घेणाऱ्यांत ३० टक्के होतं. फरक लहान म्हणता येणार नाही. पण मुलाला दोन गोष्टी विचारा. त्या रुग्णांच्या नेहमीच्या गोळ्या थांबवल्या होत्या का? नव्हत्या, कॅप्सूल त्यांच्यावर जोड म्हणून होती. आणि ती घरी कुटलेली होती का? नाही, दर कॅप्सूलमध्ये ठरलेला माल होता. एका वनस्पतीजन्य औषधाने काम केलं म्हणजे कुठल्याही वनस्पतीने होईल, असं नसतं. तिकडची कॅप्सूल ऑनलाइन मागवण्याच्या फंदात तर पडूच नका.

गंमत म्हणजे ‘ही वनस्पती आणि ती गोळी’ ही भिंत आपणच बांधलीय. मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि जगभरातले डॉक्टर आपल्या मुळीकडे वळले. पण जी मुळी रक्तदाब उतरवते, ती जास्तही उतरवू शकते. वनस्पतीत ताकद आहे असं म्हणायचं आणि लगेच ‘तिचा काही साइड इफेक्ट नाही’ असंही म्हणायचं, ही दोन्ही वाक्यं एका तोंडी शोभत नाहीत.

आता बाकीची पिशवी. गुग्गुळ बंद करा. डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल या हृदयाच्या दोन गोळ्या गुग्गुळाबरोबर घेतल्या तर रक्तात कमी उतरतात, हे मुंबईतल्याच संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवलं. यजमानांची मेटोप्रोलॉल ही प्रोप्रॅनोलॉलच्याच घराण्यातली. कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्वास्टॅटिन चालूच आहे, मग गुग्गुळाची गरज काय? लसूण-आल्याच्या रसाने ब्लॉकेज उघडत नाही. फोडणीतला लसूण खुशाल खा, पण अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असताना कच्च्या लसणाचा अर्क रोज पोटात घालणं म्हणजे रक्तस्रावाची शक्यता वाढवणं. हळदीच्या जोरदार कॅप्सूलचंही तेच. नारळपाण्याचं मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही, निरोगी माणसाला ते अमृत आहे ना! त्यात पोटॅशियम भरपूर. रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही पोटॅशियम अंगात धरून ठेवतात. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी काही जाणवेलच असं नाही. ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणारं मीठसुद्धा यजमानांसाठी नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं.

थांबा, एक अडचण इथेच आहे. ज्येष्ठमध पोटॅशियम खाली ओढत होतं, नारळपाणी आणि दोन गोळ्या वर. या ओढाताणीत आकडा आज कुठे आहे, हे पत्र वाचून कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून ज्येष्ठमध आणि नारळपाणी थांबवाल त्याच आठवड्यात रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासून घ्या, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. त्याच रक्तात यकृताचीही तपासणी सांगा.

‘दोन तासांचं अंतर ठेवलं की चालतं’ असं आमच्या काउंटरवर दहातले आठ जण म्हणायचे. अंतराने एवढंच होतं की सालीतला तुरटपणा आणि गोळी पोटात एकमेकांना चिकटत नाहीत. पुढे यकृतात आणि मूत्रपिंडात दोघांची गाठ पडतेच. अंतर ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका.

डॉक्टरांचं ‘ते सगळं बंद करा’ तुम्हाला लागलं, ते पत्रातून कळतं. पण प्रश्न कसा विचारला होता? ‘आयुर्वेदिक चालेल का?’ असा असेल तर बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना कुणीही नाहीच म्हणणार, कारण त्या एका शब्दात तुळशीपासून पाऱ्याच्या भस्मापर्यंत सगळं येतं. पुढच्या वेळी कागदावर लिहून न्या: अर्जुनसालीचं चूर्ण अमुक ग्रॅम, दुधातून, दिवसातून एकदा, अमुक तारखेपासून. त्याखाली आठवडाभराचा सकाळचा रक्तदाब, नाडी आणि वजन. शेवटी एकच प्रश्न: ‘हे चालू ठेवलं तर कोणती तपासणी, कधी करायची?’ याला ‘बंद करा’ एवढंच उत्तर आलं, तर का ते विचारा. कारण सांगून बंद करायला लावलं तर बंद करा. ऐकूनच घेतलं नाही, तर दुसऱ्या हृदयतज्ज्ञांचं मत घ्या. लपवणं हा त्यावरचा उपाय नाही. उद्या यजमानांना पुन्हा भरती करायची वेळ आली, तर त्या रात्री ड्यूटीवरच्या पोरगेल्या डॉक्टरला ही पिशवी ठाऊक असायला हवी.

वैद्यांनाही हीच सात नावं दाखवा. त्यांनी एकटा क्षीरपाक सांगितला होता, बाकीचा बाजार घरच्यांनी मांडला; बहुधा त्यांना त्याचा पत्ताही नसेल. दिलेल्या औषधात भस्म किंवा रसकल्प (धातू किंवा पारा घालून केलेलं औषध) आहे का, हे थेट विचारा. अमेरिकेतल्या एका अभ्यासात इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर ती पुडी परत करायची. आणि ‘शरीरशुद्धी’ म्हणून वमन-विरेचन, म्हणजे उलट्या-जुलाब करवणं, कुणी सुचवलं तर ३५ टक्के पंपिंगच्या माणसाला ते अजिबात नको.

हे वाचणाऱ्या इतरांपैकी ज्यांच्या घरी कृत्रिम झडपेसाठी रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन किंवा अ‍ॅसेनोकुमरॉल चालू आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) तपासल्याशिवाय कुठलीही मुळी सुरू करू नये आणि चालू असलेली अचानक सोडूही नये. डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी घेणाऱ्यांनी ज्येष्ठमधाला हात लावू नये. कुठलंही नवं औषध, गोळी असो की काढा, एका वेळी एकच सुरू करा, नाहीतर त्रास कशाने झाला हे कळत नाही. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, शौचाला काळं झालं, डोळे पिवळे दिसले, उठताना अंधारी आली, तर वाट बघायची नाही.

यजमानांचा कंटाळा मला खोटा वाटत नाही. सकाळी सात औषधांचा डबा उघडला की आपण आजारी आहोत हे रोज नव्याने कळतं. क्षीरपाक तुम्ही हाताने आटवून देता, त्यात माया दिसते. पट्टीतली गोळी नुसती टोचते. दोन-तीन औषधं मिळून एक गोळी येते का, काही संध्याकाळी घेता येतील का, हे दुकानात आणि डॉक्टरांकडे जरूर विचारा, डब्याचं ओझं थोडं हलकं होईल. स्टेंटच्या दोन गोळ्या, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, मात्र कंटाळा, उपास, लग्नकार्य, दात काढणं, कशासाठीही स्वतःहून थांबवायच्या नाहीत. त्या सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

आणि तंबाखू. ‘बरीच कमी’ म्हणजे किती हो? दिवसाला चार चिमटी का सहा? अर्जुन, गुग्गुळ, लसूण, ज्येष्ठमध एवढी यादी तुम्ही सविस्तर लिहिलीत आणि तंबाखूला अर्धी ओळ दिलीत. त्या चुन्याच्या डबीबद्दल पुढच्या पत्रात मोकळेपणी लिहा. व्रणाबद्दल नाही लिहिलंत तरी चालेल.

तोवर खोकल्याचं तेवढं पुढच्या तपासणीपर्यंत लांबवू नका. उद्या सकाळी दवाखान्यात फोन लावा आणि एवढंच सांगा: ‘रॅमिप्रिल सुरू झाल्यापासून कोरडा खोकला आहे, गोळी बदलायची का?’